सर्व्हर मुंबईत, वाचक अमेरिकेत: साइट तिकडे रखडते तेव्हा काय काय तपासायचं

तुमची तक्रार आधी एकदा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठं चुकत असेल तर लगेच कळेल. अमेरिकेतल्या वीकेंडच्या मराठी शाळांना धडे, गोष्टी आणि ऑडिओ पुरवणारी साइट तुम्ही चालवता, सर्व्हर मुंबईत भाड्याचा, पुढे विनंत्या झेलणारं एनजिनएक्स आणि त्याच्या मागे अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर पीएचपीत लिहिलेली साइट. पुण्यात साइट झटक्यात उघडते, पण न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातले शिक्षक म्हणतात पहिलं पान यायला आठ-नऊ सेकंद लागतात, वर्षभराच्या ऑडिओची दीड जीबीच्या आसपासची झिप एक जीबीच्या जरा पुढे जाऊन तुटते, आणि एका बाईंना तर ऑफिसच्या व्हीपीएनवरून पान उघडतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं, पिंग मात्र व्यवस्थित येतं. होस्टिंगवाला सांगतो सर्व्हरवर लोड नाही, हवं तर रॅम वाढवून घ्या.

रॅम वाढवू नका, पैसे वाया जातील. माझ्या मते हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि तिन्ही एकाच वेळी दिसतात म्हणून "अमेरिकेत साइट स्लो" असं एकच नाव त्यांना पडलंय. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि कोणी सगळ्यावर एकच औषध म्हणून सीडीएन (जगभरच्या सर्व्हरांवर साइटच्या प्रती ठेवणारी सेवा) लावायला सांगितलं तर त्यातला एक बरा होईल, एक झाकला जाईल आणि पुढचं शाळेचं वर्ष सुरू होताना परत डोकं वर काढेल.

पहिल्यांदा ते अमेरिकेहून दिसणारं २३० मिलिसेकंद पिंग, म्हणजे एक पॅकेट जाऊन परत यायला, एका फेरीला, लागणारा वेळ. तुम्ही विचारलंय की होस्टिंगवाल्याला सांगून हे कमी करता येईल का, तर नाही, फारसं नाही. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ आकाशमार्गे साडेबारा हजार किलोमीटर, सॅन फ्रान्सिस्को त्याहून थोडं लांब, म्हणजे अगदी सरळ रेषेत केबल टाकली असती तरी जाऊन-येऊन १२५ ते १३५ मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ जात नाही, ती वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून निघून तांबडा समुद्र, इजिप्त, युरोप करत अटलांटिक ओलांडते किंवा पूर्वेकडून सिंगापूरमार्गे पॅसिफिक ओलांडते, त्यामुळे २०० ते २५० हा नेहमीचा आकडा आहे. हा आकडा एखाद्या दिवशी अचानक शंभरेक मिलिसेकंदांनी वाढला तर मात्र समजायचं की वाटेत काहीतरी झालंय. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट रखडलं होतं, २०२४ च्या फेब्रुवारीत आणि परत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तांबड्या समुद्रात तुटल्या तेव्हाही ट्रॅफिक लांबच्या वाटेनं वळवावं लागलं. अशा दिवशी तुमच्या हातात काही नसतं. बाकी सगळे दिवस २३० हा आकडा जमेस धरूनच चालायचं, आणि तो एका पानासाठी किती वेळा मोजावा लागतो हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

चौथ्या मजल्यावरून वाण्याकडे जायचं आणि दर खेपेला एकच जिन्नस आणायचा असं कोणी करत नाही, पण आपली वेब पेजेस नेमकी तेच करतात आणि दुकान खालीच असल्यामुळे पुण्यात ते जाणवत नाही. तुमच्या साइटचं बघा. शिक्षक पत्ता टाइप करतात तो एचटीटीपीवर जातो, तिथून एचटीटीपीएसवर पाठवलं जातं, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्यावर, तिथून मराठी विभागाच्या पानावर. आता फेऱ्या मोजा. पहिल्या टप्प्यात नावावरून पत्ता शोधायची म्हणजे डीएनएसची एक, सर्व्हरशी जोडणी करायची म्हणजे टीसीपीची एक, विनंतीची एक. दुसऱ्यात नवीन टीसीपीची एक, टीएलएस म्हणजे जोडणी सुरक्षित करायचं तंत्र, ते जुनं १.२ असेल तर दोन, विनंतीची एक. तिसऱ्यात होस्टचं नाव बदललं म्हणून परत डीएनएस, टीसीपी, टीएलएस, विनंती मिळून पाच. चौथ्यात त्याच जोडणीवर एक. झाल्या तेरा, आणि आत्ता कुठं एचटीएमएलचं पहिलं अक्षर ब्राउझरला मिळतंय. १० मिलिसेकंदांच्या अंतरावर पुण्यात याला लागतात १३० मिलिसेकंद, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि कॅलिफोर्नियात लागतात तीन सेकंद. सर्व्हर तोच, रॅम तीच.

म्हणून पहिलं काम हे रीडायरेक्ट मोडायचं. एचटीटीपीवरून एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर जी लिंक फिरते ती आधीच शेवटची असू द्या, सगळं नीट चालतंय याची खात्री झाल्यावर एचएसटीएसचा हेडर लावा म्हणजे पुढच्या वेळी ब्राउझर एचटीटीपीकडे जाणारच नाही. टीएलएस १.३ चालू करा, २०१८ पासून ते प्रमाण आहे आणि त्यात दोनऐवजी एकच फेरी लागते. एवढं केलं तरी तेराच्या चार होतात, म्हणजे सेकंदाच्या आत. एचटीटीपी ३ मध्ये टीसीपी आणि टीएलएसची मिळून एकच फेरी होते, एनजिनएक्सच्या १.२५ पासून ते आहे, पण त्याच्या मागे आज लागू नका, रीडायरेक्ट आधी.

आता एचटीएमएल यायला लागलं. टीसीपी पहिल्याच फेरीत सगळं पाठवत नाही, लिनक्समध्ये सुरुवात दहा पॅकेटांनी होते म्हणजे साधारण साडेचौदा हजार बाइट, मग पलीकडून पोच आली की वीस, मग चाळीस, मग ऐंशी. तुमचं पहिलं पान १८० केबीचं आहे असं तुम्ही म्हणता, ते यायला चार फेऱ्या. इथं आपल्या लिपीचा एक मुद्दा आहे जो इंग्रजी साइटवाल्यांना कधी भेडसावत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. "नमस्कार" हा शब्द एकवीस बाइट. म्हणजे मराठी मजकूर मुळातच जड. पण तोच मजकूर जीझिपमध्ये (पाठवण्याआधी आकार कमी करायच्या पद्धतीत) दाबला जातो मात्र फार छान, कारण तीनातले पहिले दोन बाइट जवळजवळ सगळीकडे तेच ते असतात, चार-पाच पट तर सहज कमी होतो. आणि एनजिनएक्समध्ये जीझिप मुळात बंद असतं! चालू केलं तरी फक्त एचटीएमएल दाबतं, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसनचे प्रकार जीझिप टाइप्समध्ये हातानं लिहावे लागतात. शिवाय जीझिप प्रॉक्सीड नावाची सेटिंगही मुळात ऑफ असते, त्यामुळे पुढे सीडीएन लावलं आणि त्यानं विनंतीत मध्यस्थाची खूण म्हणून व्हाया हेडर घातला की एनजिनएक्स दाबणं बंद करतं, आणि माणूस विचार करत बसतो की घरून तपासलं तर जीझिप दिसतं मग सीडीएनमधून का नाही. हे तिन्ही एकदम तपासा.

फाँट. तुम्ही वापरलेला देवनागरी फाँट पूर्ण टीटीएफ आहे, तोही दोन वजनांत, आणि तो मागवला जातो कसा तर एचटीएमएल आलं की सीएसएस, त्या सीएसएसमध्ये इम्पोर्ट करून दुसरी सीएसएस, त्यात फाँटचा पत्ता, तोही बाहेरच्या डोमेनवर. ही साखळी आहे, एक कडी आल्याशिवाय पुढची मागताच येत नाही, आणि बाहेरचं डोमेन म्हणजे डीएनएस, टीसीपी, टीएलएस परत पहिल्यापासून. फाँट स्वतःच्या डोमेनवर ठेवा, डब्ल्यूओएफएफ-२ या दाबलेल्या प्रकारात करा, एचटीएमएलच्या डोक्यातच प्रीलोड लावा आणि फाँट डिस्प्ले स्वॅप ठेवा म्हणजे तोवर मजकूर फोनच्या फाँटमध्ये का होईना दिसेल. फाँट छाटताना मात्र फार सांभाळून, नुसती युनिकोडची ०९०० ते ०९७एफ ही रेंज ठेवली आणि जोडाक्षरांचे लेआउट टेबल उडवले तर "क्ष", "त्र", "र्‍या" सगळं पायमोडकं दिसायला लागतं. मुलांना वाचायला शिकवायची साइट आहे, तिथं पाव सेकंद वाचवण्यासाठी जोडाक्षर मोडलेलं अजिबात चालणार नाही, छाटल्यावर "ज्ञानेश्वर", "कुऱ्हाड", "स्त्री", "दृष्टी" असे शब्द डोळ्यांनी बघा आणि मगच वर चढवा.

डीएनएसचं एक छोटं काम. तुमचे नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचे म्हणजे मुंबईतलेच, आणि टीटीएल, म्हणजे इतरांनी ते उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, तीनशे सेकंद. तिकडे शिक्षक मोजकेच, त्यामुळे त्यांच्या आयएसपीच्या कॅशमध्ये तुमचं नाव जवळपास कधीच ताजं नसतं, प्रत्येक जण नव्यानं मुंबईला विचारत येतो. टीटीएल निदान एक तासाचा करा किंवा जगभर नेमसर्व्हर असलेली एखादी डीएनएस सेवा घ्या. आणि एएएए रेकॉर्ड, म्हणजे साइटचा आयपीव्ही६ पत्ता, खरंच चालतोय का तेही बघून घ्या, जुना आयपीव्ही६ पत्ता तसाच राहिला असेल तर ब्राउझर थोडं थांबून आयपीव्ही४ वर जातात म्हणून घोटाळा लपून राहतो, आणि अ‍ॅप किंवा स्क्रिप्टवाले मात्र अडकतात.

हे सगळं मी अंदाजानं सांगतोय असं वाटू नये म्हणून मोजायचं कसं ते सांगतो, आणि मोजायचं तिकडून. पुण्यात बसून अमेरिकेची साइट दुरुस्त होत नाही. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत कर्ल हे कमांड लिहून पान मागवायचं साधन आलेलंच असतं, मॅकवरही असतं. एका उत्साही शिक्षकाला धरा आणि कर्लच्या राइट-आउट पर्यायानं पाच आकडे छापायला सांगा: नेमलूकअप, कनेक्ट, अ‍ॅपकनेक्ट, स्टार्टट्रान्स्फर, टोटल. हे आकडे सुरुवातीपासूनचे असतात, म्हणून एकातून आधीचा वजा करत जायचं. कनेक्टमधून नेमलूकअप वजा केलं की जे उरतं ती एक फेरी, तुमचं खरं अंतर. तिथून अ‍ॅपकनेक्टपर्यंत दोन फेऱ्या गेल्या तर टीएलएस जुनं आहे. स्टार्टट्रान्स्फरला एका फेरीपेक्षा जास्त जे काही लागलं ते तुमच्या पीएचपीचं काम, त्याला समुद्र जबाबदार नाही. टोटल आणि स्टार्टट्रान्स्फरमधला फरक म्हणजे प्रत्यक्ष माल वाहायला लागलेला वेळ. शिक्षकांना कमांड जड वाटत असेल तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट चालेल, फक्त एचएआर फाइल (त्या टॅबची पूर्ण नोंद) मागवलीत तर त्यात लॉगिनच्या कुकीज असतात, ती ग्रुपवर टाकू देऊ नका.

तुमच्या बाजूनं एनजिनएक्सच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट टाइम, अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम आणि टीसीपीइन्फो आरटीटी ही तीन व्हेरिएबल घाला, शेवटचं मायक्रोसेकंदात येतं, त्यानं कोण लांबचं आणि कोण जवळचं ते लॉगमध्येच कळतं. अपस्ट्रीम, म्हणजे मागच्या अपाचेला लागलेला वेळ, ०.०८ सेकंद आणि रिक्वेस्ट टाइम ७ असेल तर अ‍ॅप निर्दोष. मात्र एक लक्षात असू द्या, लहान पान सर्व्हरच्या सॉकेट बफरमध्ये मावलं की एनजिनएक्सच्या लेखी काम झालं, ते पलीकडे पोचलं की नाही हे त्या आकड्यात नसतं. म्हणून लॉगमध्ये सगळं छान आणि शिक्षक म्हणतात स्लो, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. होस्टिंगवाला खोटं बोलत नाहीये, तो फक्त त्याच्या टोकाकडून बघतोय.

वेगळ्या टेस्ट मशीनवर लिनक्सच्या टीसी कमांडमधल्या नेटएमनं २३० मिलिसेकंद उशीर घालून बघता येतं, मग पुण्यात बसून कॅलिफोर्नियाचा अनुभव येतो. चालू सर्व्हरवर हे करू नका, एसएसएचसुद्धा तेवढंच रखडतं. आणि एमटीआर (वाटेतला प्रत्येक टप्पा म्हणजे हॉप तपासणारं साधन) चालवलंत तर मधल्याच एखाद्या हॉपवर ४० टक्के लॉस दिसून घाबरू नका, मधले राउटर पिंगला उत्तर द्यायला कंटाळतात, लॉस तिथून पुढे शेवटच्या हॉपपर्यंत टिकला तरच तो खरा. दोन्ही बाजूंनी चालवा, जायची आणि यायची वाट बऱ्याचदा वेगळी असते.

आता झिप. एक जीबीच्या जरा पुढे तुटते हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण त्या एका आकड्यातच उत्तर आहे. एनजिनएक्स मागच्या अपाचेकडून माल भराभर ओढून घेतं आणि गिऱ्हाइकाला त्याच्या वेगानं देतं, मधला साठा टेम्प फाइलमध्ये ठेवतं. या टेम्प फाइलची कमाल मर्यादा, प्रॉक्सी मॅक्स टेम्प फाइल साइझ, मुळात १०२४ एमबी असते. ती भरली की एनजिनएक्स अपाचेकडून घ्यायचं थांबतं आणि साठा खपायची वाट बघतं. इकडे अपाचेचा टाइमआउट मुळात ६० सेकंद. पुण्यात २०० एमबीपीएसची लाइन असलेला माणूस तो एक जीबी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत उतरवून घेतो, साठ सेकंदांच्या आत गाडी पुढे सरकते आणि बिघाड दिसतच नाही. न्यू जर्सीत तोच माल सेकंदाला दोन-तीन एमबीनं उतरतो, त्याला सहा-आठ मिनिटं लागतात, तोवर अपाचेनं साठाव्या सेकंदाला कंटाळून जोडणी बंद केलेली असते. शिक्षकांना साठ्यातलं सगळं मिळत राहतं आणि साठा संपला की डाउनलोड मरतं. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये "अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन" अशी ओळ शोधा, सापडलीच पाहिजे.

याच्यावर टाइमआउट वाढवत बसणं हा उपाय नाही, उद्या कोणी विमानतळाच्या वायफायवरून उतरवेल तेव्हा तोही कमी पडेल. टेम्प फाइलची मर्यादा शून्य केली तर तुटणं थांबतं, पण मग अपाचेचा एक प्रोसेस त्या एका माणसासाठी सगळा वेळ अडकून राहतो, आणि शनिवारी सगळे शिक्षक एकदम आले की प्रोसेस संपतात. नीट रस्ता असा की पीएचपीनं फक्त लॉगिन तपासावं आणि फाइल स्वतः न पाठवता एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्टचा हेडर देऊन एनजिनएक्सला सांगावं, की ही फाइल तूच दे. यात आणखी एक मोठा फायदा आहे, एनजिनएक्स स्टॅटिक फाइलला रेंजची सोय आपोआप देतं, म्हणजे मध्येच तुटलं तर डाउनलोड जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पीएचपीच्या रीडफाइलमधून दिलेल्या फाइलला ती सोय आपण स्वतः लिहिल्याशिवाय नसते, म्हणून तुमच्या शिक्षकांना दरवेळी पहिल्यापासून उतरवावं लागतंय. आणि खरं सांगायचं तर दीड जीबीची एकच झिप ठेवूच नका, इयत्तेप्रमाणे तोडा. दुसरीच्या शिक्षिकेला सातवीचा ऑडिओ कशाला?

झिपचा वेग वाढवायचा असेल तर दोन गोष्टी बघायच्या. पहिली बफर, म्हणजे पाठवलेला माल पोच येईपर्यंत ठेवायची जागा. वेग म्हणजे एका फेरीत वाटेवर किती माल असू शकतो भागिले फेरीचा वेळ, त्यामुळे कोणी कधीतरी "ट्यूनिंग" म्हणून एनजिनएक्सच्या लिसनमध्ये एसएनडीबफ १२८ केबी असं लिहून ठेवलं असेल तर २३० मिलिसेकंदांवर सेकंदाला साडेपाचशे केबीच्या वर वेग जाणं शक्यच नाही, लाइन कितीही मोठी असो. तसा आकडा ठेवला की लिनक्सचं आपोआप बफर वाढवणंही बंद पडतं. असं काही असेल तर काढून टाका. लिनक्सला स्वतःला ठरवू द्या, फक्त टीसीपी डब्ल्यूमेमची कमाल मर्यादा सहसा चार एमबी असते ती सोळा करा. अपाचे थेट बाहेरच्यांना देत असतं तर त्याच्या सेंडबफरसाइझकडे बघावं लागलं असतं, तुमच्याकडे पुढे एनजिनएक्स आहे म्हणून नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅकेट गळती. १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या टीसीपीसाठी जे सूत्र मांडलं त्यानं हिशोब केला तर हजारात एक पॅकेट हरवत असताना १० मिलिसेकंदांवर ४५ एमबीपीएसच्या आसपास मिळतात आणि तेवढ्याच गळतीत २३० मिलिसेकंदांवर जेमतेम दोन. गळती तीच, शिक्षा तेवीसपट. आताचं क्युबिक (टीसीपीची वेग ठरवायची पद्धत) याहून बरं वागतं, तरी लांबच्या वाटेवर ते गळतीला गर्दी समजून वेग पाडतंच. गूगलनं २०१६ मध्ये आणलेलं बीबीआर (तशीच दुसरी पद्धत) लिनक्स ४.९ पासून कर्नलमध्ये आहे, ते फक्त पाठवणाऱ्या बाजूला लावावं लागतं, शिक्षकांच्या मशीनला हात लावायची गरज नाही. लावायच्या आधी डाउनलोड चालू असताना एसएस मायनस टीआय ही कमांड चालवून त्या जोडणीचं सीडब्ल्यूएनडी (एका वेळी वाटेवर किती पॅकेटं) आणि रीट्रान्सचे (किती परत पाठवावी लागली) आकडे लिहून ठेवा, लावल्यावर परत बघा, फरक दिसला तरच ठेवा. सोबत स्लो स्टार्ट आफ्टर आयडल शून्य करा, नाहीतर शिक्षक धडा वाचून दोन मिनिटांनी पुढचं पान उघडतात तेव्हा टीसीपी परत दहा पॅकेटांपासून सुरुवात करतं.

तिसरी तक्रार, व्हीपीएनवाल्या बाईंची. ही एकाच व्यक्तीची आहे म्हणून मागे टाकू नका, कारण असे आणखी लोक नक्की असतात, ते बोलत नाहीत, निघून जातात. पिंग चालतं, जोडणी होते, पान येत नाही, ही एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या घोटाळ्याची, खूण आहे. साधं पॅकेट १५०० बाइटचं असतं, व्हीपीएनच्या आत जागा कमी, बऱ्याचदा १४०० च्या आसपास. मोठं पॅकेट बसलं नाही की मधला राउटर ते टाकून देतो आणि सर्व्हरला आयसीएमपीचा (पिंगही त्यातलंच) निरोप पाठवतो, टाइप ३ कोड ४, की लहान करून पाठव. आणि तुमच्या फायरवॉलवर "सुरक्षेसाठी" पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद आहे. सर्व्हरला निरोप मिळत नाही, तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. जोडणीची लहान पॅकेटं जातात, टीएलएसमध्ये सर्टिफिकेटचे तीन-चार केबी यायची वेळ आली की सगळं गप्प. कर्लमध्ये कनेक्टपर्यंत होईल आणि अ‍ॅपकनेक्टला अडकेल.

खात्री करायची तर त्या वेळी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं साधन) लावा, त्यांच्या पत्त्याकडे एकच मोठं पॅकेट दुप्पट-दुप्पट अंतरानं परत जाताना दिसेल. उपाय: आयसीएमपीचा तो निरोप आत येऊ द्या, आयपीव्ही६ मध्ये टाइप २, तिथं तर तो बंद करणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. शिवाय टीसीपी एमटीयू प्रोबिंग १ करा, म्हणजे निरोप वाटेत दुसऱ्या कोणी अडवला तरी लिनक्स स्वतः लहान पॅकेटं पाठवून बघतं. हे दोन्ही करून भागलं नाही तरच एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मालाची कमाल मर्यादा, १३६० वर बांधा.

सीडीएन नको असं माझं म्हणणं नाही. हे सगळं झाल्यावर जरूर लावा, कारण कॅश न होणाऱ्या पानांनाही फायदा होतो, टीसीपी आणि टीएलएसच्या फेऱ्या शिक्षकाच्या गावाजवळच्या सर्व्हरशी होतात आणि मुंबईपर्यंतची जोडणी आधीच तापलेली असते. पण पीएचपी प्रत्येक पानावर सेशनची कुकी लावत असेल तर बहुतेक सीडीएन ते पान कॅशच करणार नाहीत, आणि क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनमध्ये ५१२ एमबीपेक्षा मोठी फाइल कॅश होत नाही, म्हणजे तुमची झिप मुंबईहूनच येत राहील. लॉगिन न केलेल्यांना कुकी देणं बंद करा, मग एज (Age, कॅशमधल्या प्रतीचं वय) हेडरमध्ये आकडा वाढताना दिसतो का बघा.

सर्व्हरच अमेरिकेत हलवायचा का, हेही तुम्ही विचारलंय. वाचक जवळजवळ सगळे तिकडचे असतील तर हलवायला माझी हरकत नाही, धडे चढवताना पुण्यातल्या तुमच्या दोघांना थोडं सोसावं लागेल एवढंच. पण हलवलंत तर डेटाबेससकट हलवा. अ‍ॅप तिकडे आणि डेटाबेस मुंबईत असं अर्धवट केलं तर एका पानाच्या वीस क्वेरी म्हणजे वीस फेऱ्या, साडेचार सेकंद तिथंच गेले. दुबई, लंडन, सिडनीतल्या शाळाही येणार असतील तर हलवू नका, मुंबईतच ठेवून सीडीएन घ्या.

अजून एक, बॅकअप. न्यू जर्सीत शनिवारी सकाळी दहाला शाळा भरते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, कॅलिफोर्नियात दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. तुमचा बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री दहाला आहे असं तुम्ही ओघात लिहिलंय. सगळा ऑडिओ बाहेर कॉपी होत असताना त्याच लाइनवर वर्गातली मुलं गोष्ट ऐकायला थांबलेली असतात. तिकडे आठवड्यातून जेमतेम दोन तास मराठीचे मिळतात, शिकवणारे पगार न घेता शिकवतात, त्यातली दहा मिनिटं चक्र फिरताना बघण्यात जाऊ नयेत. बॅकअप दुपारी दोनला घ्या, तेव्हा सगळी अमेरिका झोपलेली असते.

या आठवड्यात रीडायरेक्ट, जीझिप, फायरवॉलचा आयसीएमपी नियम आणि बॅकअपची वेळ एवढंच बदला, चारही कामं एका संध्याकाळची आहेत. शनिवारी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातून प्रत्येकी एकाकडून कर्लचे पाच आकडे मागवा, आधीचेही आणि नंतरचेही, आणि त्या बाईंना व्हीपीएन न काढता पान उघडायला सांगा. फाँट, झिप आणि बीबीआरचं ते आकडे हातात आल्यावर ठरवू. स्टार्टट्रान्स्फर तेव्हाही दोन सेकंदांच्या वर दिसला तर पीएचपीचा स्लो लॉग चालू करून पाठवा, मग गोष्ट अंतराची नाही, क्वेरीची आहे.